वाचक विचारतात : प्रवासाचं महागडं कार्ड, फी वसूल होते का?

या वेळच्या टपालात आणि ईमेलमध्ये सर्वाधिक प्रश्न होते प्रवासासाठीच्या क्रेडिट कार्डांबद्दल. काही पत्रं लांबलचक होती, ती थोडक्यात दिली आहेत. तक्रारींमधली बँकांची नावं काढली आहेत. फी आणि खर्चावर मिळणाऱ्या पॉइंटचे दर बँका मधूनच बदलतात, म्हणून अर्जावर सही करण्याआधी त्या कार्डाच्या अटींचं ताजं पत्रक बँकेच्या साइटवरून उतरवून घ्यावं. कार्ड विकायला येणाऱ्याच्या मोबाइलमधलं पत्रक बहुधा जुनं असतं.

प्रश्न : घरचा जवळजवळ सगळा खर्च आम्ही कार्डावर करतो, वर्षाला साधारण सहा लाख. बँकेतून साडेबारा हजार फीच्या कार्डासाठी सारखे फोन येतात. दुसऱ्या एका बँकेचं पाच हजार फीचं ट्रॅव्हल कार्ड आहे. आमच्या यांचं म्हणणं, महागडं घेतलं की विमानतळावरचं लाउंज, हॉटेल, तिकीट सगळं त्यातच निघतं. आम्ही वर्षातून दोनदा विमानाने जातो. कुठलं घ्यावं?
— एक वाचक, अलकापुरी

उत्तर : आधी फी. साडेबारा हजारांवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे खिशातून १४,७५० जातात. पाच हजारांचे ५,९०० होतात. तुलना या आकड्यांची करायची.

आता तुमचे सहा लाख. त्यातल्या प्रत्येक रुपयाला पॉइंट मिळतात असं धरून चालू नका, बहुतेकांचं गणित इथेच फसतं. पेट्रोल, विम्याचा हप्ता, वीज-गॅसचं बिल, महापालिकेचा वेरा (कर), शाळा-कॉलेजची फी, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे यांतल्या काही खर्चांवर बँका पॉइंट देतच नाहीत. काहींवर महिन्याची मर्यादा असते आणि ती ओलांडली की वर एक टक्का शुल्कही लागू शकतं. ॲपमधून कार्डाने घरभाडं भरण्याची सोय तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या नियमांनंतर बहुतेक ॲपनी बंदच केली. तेव्हा मागच्या बारा महिन्यांची स्टेटमेंट काढा, नव्या कार्डाच्या वगळलेल्या खर्चांची यादी शेजारी ठेवा आणि एकेक ओळ खोडत जा.

समजा, खोडून झाल्यावर सहा लाखांतले २,४०,००० गेले. पॉइंट देणारे उरले ३,६०,०००.

महागड्या कार्डात साधारण दीडशे रुपयांना पाच पॉइंट मिळतात. एचडीएफसीच्या इन्फिनियामुळे ही रचना बऱ्याच जणांना माहीत आहे. ३,६०,००० वर होतात १२,००० पॉइंट. बँकेच्याच पोर्टलवरून विमान किंवा हॉटेल बुक केलं तर एका पॉइंटचा एक रुपया, म्हणजे बारा हजार रुपये. तेच पॉइंट कार्डाच्या बिलात वळते केले तर भाव ३० पैसे, हातात फक्त ३,६००. पॉइंट तेवढेच, पण खर्च कुठे करता यावर किंमत तिपटीहून जास्त बदलते. शिवाय पॉइंट दीडशेच्या पूर्ण टप्प्यांवर मोजले जातात. १४० रुपयांच्या भाजीवर शून्य आणि २९० च्या औषधांवर पाचच. लहान बिलं यूपीआयने दिलीत तरी काही बिघडत नाही.

पाच हजारांच्या कार्डात सर्वसाधारण खर्चावर शंभराला दोन माइल (विमानप्रवासासाठीचे पॉइंट) आणि थेट विमान कंपनीकडे किंवा हॉटेलात केलेल्या खर्चावर शंभराला पाच, असं धरू. तुमच्या ३,६०,००० पैकी १,२०,००० तिकिटांचे असतील तर त्यावर ६,००० माइल आणि उरलेल्या २,४०,००० वर ४,८००. एकूण १०,८००. रुपयाला एक माइल धरून फी वजा केली तर उरतात ४,९००. पहिल्या कार्डात १२,००० मधून १४,७५० वजा जातात, म्हणजे २,७५० चा तोटा.

पण निकाल एवढ्यावर लावू नका. महागड्या कार्डांपैकी काहींत दर वर्षी फी भरली की फीएवढेच पॉइंट परत मिळतात. ते १२,५०० पॉइंट मिळणार असतील तर पारडं फिरतं : २४,५०० उणे १४,७५०, म्हणजे ९,७५० शिल्लक. म्हणून बँकेला तीन गोष्टी ईमेलवर विचारा. दुसऱ्या वर्षी फी भरल्यावर किती पॉइंट मिळतात? फी माफ व्हायला वर्षाला किती खर्च लागतो? आणि त्या खर्चात काय काय धरत नाहीत? फोनवरच्या उत्तराला पुढे कोणी विचारत नाही.

अजून एक मेख आहे. काही बँका तिकिटाची पूर्ण रक्कम पॉइंटमधून घेत नाहीत, ७० टक्क्यांवर थांबतात. २४,५०० पॉइंट पुरे वापरायचे तर पोर्टलवर ३५,००० रुपयांचं बुकिंग करावं लागेल आणि उरलेले साडेदहा हजार कार्डाने द्यावे लागतील. पोर्टलवरचं भाडं विमान कंपनीच्या साइटशी ताडून पाहा. साइटवर ६,२०० चं तिकीट पोर्टलवर शुल्कासकट ६,८०० ला पडत असेल तर तुमच्या पॉइंटचा रुपया नव्वद पैशांवर आलाच.

लाउंज, हॉटेलची व्हाउचरं आणि गोल्फच्या फेऱ्या यांची किंमत माहितीपत्रकात दिसते तशी धरू नका. लाउंजमधल्या एका खेपेला तुम्ही नाहीतर विमानतळावर चहा-नाश्त्यावर जेवढे खर्च केले असते तेवढेच लावा, माणशी चारशे-पाचशे. हॉटेलचं व्हाउचर त्याच साखळीत उतरणार असाल तर पूर्ण, नाहीतर निम्मं. गोल्फला शून्य. वडोदऱ्याहून मुंबईला वंदे भारतने जाणाऱ्या कुटुंबाला विमानतळावरच्या लाउंजचं कौतुक तसंही बेताचंच.

आमचं मत : पॉइंट परत देणारं महागडं कार्ड मिळत असेल आणि वर्षाला निदान ३५,००० ची तिकिटं-हॉटेलं त्याच पोर्टलवरून काढणार असाल तर ते घ्या. यांतलं एक जरी नक्की नसेल तर पाच हजारांचं पुरेसं आहे.

प्रश्न : अहमदाबादहून सिंगापूरला जाताना लाउंजमध्ये आमचं कार्ड चाललंच नाही. माझं नाही, माझ्याच खात्यावर मुलासाठी घेतलेलं ॲड-ऑन कार्डही नाही. कार्डाबरोबर आलेल्या पुस्तिकेत ‘लाउंज मोफत’ असं ठळक छापलं आहे. बँक म्हणते, अटींमध्ये बसत नाही.
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : बँकेने कुठली अट दाखवली ते तुम्ही कळवलेलं नाही, म्हणून सगळ्यात जास्त शक्यता कशाची त्या क्रमाने सांगतो.

पहिली शक्यता तिमाही खर्चाची. गेल्या काही वर्षांत बहुतेक बँकांनी मोफत लाउंज मागच्या तिमाहीतल्या खर्चाला बांधलं आहे. आयसीआयसीआयने नोव्हेंबर २०२४ पासून आपल्या अनेक कार्डांवर ही अट तिमाहीला ७५,००० केली. इतर बँकांचे आकडे वेगळे, पण चाल तीच. लोक चुकतात ते तारखांत. तुमचं विमान मे महिन्यात असेल तर जानेवारी ते मार्चचा खर्च पाहिला जातो, एप्रिलचा नाही. सिंगापूरची तिकिटं एप्रिलमध्ये काढली असतील तर त्यांचा खर्च जुलै ते सप्टेंबरसाठी कामाला येईल. शिवाय रद्द केलेल्या खरेदीचा परतावा खर्चातून वजा होतो, आणि पेट्रोल-वॉलेटसारखा वगळलेला खर्च इथेही धरला जात नाही.

दुसरी शक्यता टर्मिनलची. अहमदाबादला देशांतर्गत विमानं एका टर्मिनलवरून सुटतात आणि परदेशी दुसऱ्या. कार्डावरच्या ‘देशांतर्गत लाउंज’च्या खेपा कित्येकदा परदेशी टर्मिनलच्या लाउंजमध्ये चालत नाहीत. तिथे प्रायॉरिटी पास (कार्डाबरोबर मिळणारा, देशोदेशीच्या लाउंजमध्ये चालणारा पास) दाखवायचा तर अनेक बँकांच्या पासवर मोफत खेपा फक्त भारताबाहेर असतात. भारतातल्या लाउंजमध्ये पास वापरला की आत सोडतात, पण महिन्याभराने बिलात माणशी तीसेक डॉलर आणि त्यावर जीएसटी लागून येतो. वडोदऱ्याची माणसं परदेशी जाताना अहमदाबाद किंवा मुंबई गाठतात, म्हणून ही अट आपल्याला नेमकी नडते. तुम्हाला आत सोडलं नाही, यात निदान बिल तरी वाचलं.

तिसरी शक्यता यादी बदलल्याची. सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रीमफोक्स या मोठ्या मध्यस्थ कंपनीने देशांतर्गत लाउंजची सेवा थांबवली. त्यानंतर बऱ्याच बँकांनी कार्ड मशीनमध्ये घालण्याऐवजी ॲपमधून क्यूआर किंवा व्हाउचर काढायची पद्धत आणली. जुनी पुस्तिका त्यामुळे कुचकामाची झाली आहे.

ॲड-ऑन कार्डाला बहुधा वेगळ्या खेपा मिळत नाहीत. मूळ कार्डाला तिमाहीला दोन खेपा असतील तर घरातल्या सगळ्यांच्या मिळून दोनच. तुम्ही आणि मुलगा मुंबई करून आला असाल तर त्या तिथेच संपल्या असतील.

पुढच्या वेळी निघायच्या आठ दिवस आधी बँकेच्या ॲपमध्ये लाउंजचा विभाग उघडून उरलेल्या खेपा आणि पात्रता पाहा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. कार्ड हातात हवं, मोबाइलमधला फोटो चालत नाही. कार्डावरचं आणि बोर्डिंग पासवरचं नाव एकच असावं. पडताळणीसाठी कार्डावरून दोन रुपये कापले जातात, त्यामुळे ॲपमध्ये दुकानातला वापर बंद ठेवला असेल तर तो आधी चालू करा. चांगलं पात्र कार्ड केवळ या एका बंद बटणामुळे नाकारलं जातं.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त. न्यू जर्सीला मुलाकडे तीन महिने राहायला जाणार आहोत. मुलगा म्हणतो, बाबा, चांगलं कार्ड घेऊन या. बँकेत म्हणतात, फॉरेक्स कार्ड (परदेशी चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड) घ्या. पगार नसल्यामुळे क्रेडिट कार्ड मिळणार नाही असंही एकाने सांगितलं. नक्की काय न्यावं?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : शेवटच्या शंकेपासून सुरुवात करू. पगार नसला तरी मुदत ठेवीवर क्रेडिट कार्ड मिळतं. ठेवीच्या ७५ ते १०० टक्के मर्यादा मिळते, ठेवीवर व्याज चालू राहतं आणि उत्पन्नाचा पुरावा मागत नाहीत. तीन लाखांची ठेव तुमच्या कामाला पुरेल. ठेव मात्र कार्ड चालू असेपर्यंत मोडता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

परदेशात कार्ड वापरताना बघायचा पहिला आकडा पॉइंटचा नाही, मार्कअपचा. बाहेरच्या चलनात खर्च झाला की बँक वर ठरावीक टक्के लावते. साध्या कार्डावर हा मार्कअप साडेतीन टक्के असतो, त्यावर जीएसटी धरून ४.१३ टक्के. दोन लाख खर्च केलेत तर ८,२६० नुसते मार्कअपचे. महागड्या कार्डांत तो दोन टक्क्यांच्या आसपास असतो, जीएसटीसह २.३६, म्हणजे ४,७२०. आणि शून्य मार्कअपची कार्डंही मिळतात, त्यांतली काही विनाफीची आणि काही ठेवीवर मिळणारी आहेत. तुमच्यासाठी आमची शिफारस या शेवटच्या प्रकाराची. दोन लाखांवर एक टक्क्याचे पॉइंट देणारं साडेतीन टक्क्यांचं कार्ड वापरलं तर दोन हजारांचे पॉइंट मिळून वर सव्वासहा हजारांची खोट बसते.

फॉरेक्स कार्ड वाईट नाही. पैसे भरता तेव्हाच दर ठरतो, पुढे डॉलर चढला तरी फरक पडत नाही. पण भरतानाच्या दरात बँकेचा नफा मिसळलेला असतो आणि परत आल्यावर उरलेले डॉलर रुपयांत करताना पुन्हा कात्री लागते. तीन महिन्यांच्या मुक्कामाला सगळी रक्कम त्यात अडकवू नका. एटीएममधून थोडी रोकड काढण्यापुरतं ठेवा. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख कधीच काढू नये. साधारण अडीच टक्के आणि किमान ५०० रुपये शुल्क, शिवाय पहिल्या दिवसापासून व्याज. एका वारीला ३,००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, गरजेपुरत्या घेऊन जा.

टीसीएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक वसूल करते त्या कराची, धास्ती बाळगू नका. फॉरेक्स कार्डात भरलेली रक्कम परदेशी पाठवण्याच्या वार्षिक मर्यादेत मोजली जाते आणि वर्षाला दहा लाखांपर्यंत त्यावर टीसीएस नाही. क्रेडिट कार्डाचा परदेशातला प्रत्यक्ष वापर सध्या त्या मर्यादेत धरला जात नाही.

तिथे दुकानात कार्ड लावलं की मशीन कधीकधी विचारतं, रुपयांत देणार की डॉलरमध्ये. रुपयांचा आकडा ओळखीचा, म्हणून हात तिकडेच जातो. ते टाळा आणि डॉलर निवडा. रुपये निवडले की दर दुकानदाराच्या बाजूचा लागतो आणि बँक वर आपलं शुल्क वेगळं लावते. घरून हॉटेल बुक करतानाही हेच घडतं : साइट रुपयांत किंमत दाखवते, पण साइट परदेशात नोंदलेली असते आणि बिलात मार्कअप येऊन बसतो. एखादं बुकिंग रद्द केलंत तर मूळ रक्कम परत येते, मार्कअप येत नाही.

निघण्यापूर्वी ॲपमध्ये परदेशी वापर चालू करा. १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू येतं, बाकीचं ग्राहकाने स्वतः सुरू करायचं असतं. मर्यादा लागेल तेवढीच ठेवा. चार आकडी पिन इथेच एखाद्या दुकानात वापरून पाहा. ओटीपीचा मेसेज येण्यासाठी भारतातलं सिम रोमिंगवर चालू असलं पाहिजे, आणि बँकेत ईमेल नोंदवून ठेवा.

एक बारीक अडचण अमेरिकेतल्या पेट्रोल पंपावर हमखास येते. पंपाचं मशीन पाच आकडी झिप कोड मागतं आणि आपला ३९० ने सुरू होणारा पिनकोड सहा आकडी असतो, त्यामुळे कार्ड नाकारलं जातं. आत गल्ल्यावर जाऊन पंपाचा नंबर सांगून पैसे दिले की काम होतं. पंपावर मुलगा बरोबर असेल तर हा प्रश्न येणारही नाही, म्हणा.

प्रश्न : युरोपच्या सहलीसाठी कार्डाबरोबर मिळणारा प्रवास विमा पुरतो का? कार्डावर एक कोटीचा विमा आहे.
— एक वाचक, फतेगंज

उत्तर : पुरत नाही. तो एक कोटी बहुधा विमान अपघातातल्या मृत्यूसाठी असतो, तोही त्या प्रवासाचं तिकीट त्याच कार्डाने काढलं असेल तरच. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, आणि त्यासाठी दूतावासाला चालेल असं प्रमाणपत्र हवं. स्वतंत्र प्रवास विमा घ्या आणि जुनी दुखणी असतील तर ती अर्जात लिहा. लपवलेल्या मधुमेहावर दावा फेटाळला जातो. कार्डाच्या विम्यासाठी वारस नोंदवला आहे का ते मात्र आजच पाहा, बऱ्याच जणांनी तो नोंदवलेलाच नसतो. सामान उशिरा आलं तर विमानतळाबाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या खिडकीवरून सामान न मिळाल्याचा अहवाल घ्या. घरी आल्यावर तो मिळत नाही आणि त्याशिवाय कार्डाचा विमा एक पैसा देत नाही.

प्रश्न : माझ्याकडे ३४,००० पॉइंट साठले आहेत. विमान कंपनीच्या माइल्समध्ये वळवले की फायदा दुप्पट होतो असं ऐकलं. वळवू का?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : तिकीट डोळ्यांसमोर असल्याशिवाय नाही. एकदा वळवलेले पॉइंट परत येत नाहीत.

फायदा दुप्पट की निम्मा, हे तुमच्या बँकेच्या प्रमाणावर ठरतं. काही कार्डांत एका पॉइंटचे दोन माइल, काहींत दोन पॉइंटांचा एक. समजा, तुमचं प्रमाण दोनास एक आहे, म्हणजे १७,००० माइल. समजा, तुम्हाला हव्या त्या तारखेचं तिकीट १७,००० माइल अधिक ६,५०० रुपये कर असं दिसतंय आणि तेच तिकीट पैशांत २८,००० ला आहे. २८,००० मधून ६,५०० वजा करा, २१,५०० उरले. त्याला १७,००० ने भागलं तर एका माइलचे १.२६ रुपये. छान वाटतं, पण बँकेच्या पॉइंटमध्ये ते ६३ पैसेच झाले. तुमची बँक आपल्या पोर्टलवर पॉइंटला एक रुपया देत असेल तर माइल्सचा मोह सोडा. प्रमाण एकास एक असेल तर याच गणिताने माइल्स जिंकतात, आणि बिझनेस क्लासच्या लांबच्या तिकिटांवर बऱ्यापैकी जिंकतात.

ठरलंच तर आधी विमान कंपनीच्या साइटवर सदस्य म्हणून नाव नोंदवा, पासपोर्टावर आहे तसंच. बँकेतलं नाव ‘वसंतराव’ आणि तिथे ‘वसंत’ असं असलं की व्यवहार अडकतो. मग त्याच साइटवर माइल्सचं तिकीट शोधा. जागा रिकामी दिसली तरच पॉइंट वळवा. काही कंपन्यांकडे ते लगेच पोहोचतात, काहींकडे आठवडाभर लागतो, आणि तेवढ्यात जागा जाऊ शकते. म्हणून त्या दिवसाची एक तरी दुसरी जागा हेरून ठेवा. पॉइंट वळवण्याचं शुल्क आणि वार्षिक मर्यादा किती, तेही आधी बघा. माइल्सना मुदत असते : सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरचे माइल ३६ महिन्यांत संपतात.

बँकेत पॉइंट वर्षानुवर्षं साठवून ठेवणंही शहाणपणाचं नाही. ॲक्सिसच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला लाखाच्या खर्चाला २५,००० जादा पॉइंट मिळत. सप्टेंबर २०२३ पासून ते बंद झाले, पाच पॉइंटांचे चार माइल होत तिथे दोन होऊ लागले आणि फीही वाढली. ज्यांनी साठवून ठेवले होते त्यांची पुंजी निम्म्यावर आली. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा तिच्या नावाच्या कार्डांचं प्रयोजनच संपलं. एकाच विमान कंपनीचं कार्ड घेताना ही जोखीम धरून चालावं.

प्रश्न : वर्षात ठरावीक खर्च केला की मिळणारं टप्प्याचं बक्षीस मिळवायला अडीच लाख कमी पडतात. दुकानातल्या गिऱ्हाइकांचे आणि मित्रांचे खर्च माझ्या कार्डावर करून त्यांच्याकडून पैसे घेतले तर?
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : एखाद्या मित्राचं तिकीट काढणं वेगळं आणि धंद्यासारखं सतत करणं वेगळं. घरगुती कार्डाचा व्यापारी वापर दिसला की बँक पॉइंट जप्त करून कार्ड बंद करू शकते, आणि त्या अटीवर तुमची सही असते. दुसरं, एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलापोटी दहा लाख किंवा जास्त भरले, किंवा रोखीने एक लाख भरले, तर बँक ते आयकर खात्याला कळवते. उत्पन्न सात लाखांचं आणि कार्डाचं बिल पंधरा लाखांचं दिसलं की विचारणा येते, तेव्हा कोणी किती परत दिले याचा हिशेब तुम्हालाच द्यायचा आहे. मित्राने बुडवले तर बिलही तुमच्याच नावावर. बक्षीस पाच हजारांचं असेल तर त्यासाठी एवढा खटाटोप परवडत नाही.

प्रश्न : मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) वेळेवर भरतो. पॉइंटही मिळतात. मग काय बिघडलं?
— एक वाचक, वाघोडिया रोड

उत्तर : बरंच. एक लाख थकवलेत तर साडेतीन टक्क्यांनी महिन्याला ३,५०० व्याज आणि त्यावर ६३० जीएसटी, म्हणजे ४,१३०. त्याच लाखावर चांगल्यात चांगल्या कार्डाने पॉइंट दिले ३,३३३ चे, तेही एकदाच. व्याज दर महिन्याला लागतं. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, दुसऱ्या दिवशीच्या किराण्यावरही व्याज सुरू होतं. बिल पूर्ण फिटेपर्यंत कार्ड कपाटात ठेवा आणि मर्यादा मोठी म्हणून महागडं कार्ड तर मुळीच मागू नका.

प्रश्न : दुसऱ्या वर्षाची फी बिलात आली. कार्ड बंद करायचंय, पण कॉल सेंटर दर वेळी ‘सरांशी बोलून सांगतो’ म्हणतं.
— एक वाचक, गोत्री

उत्तर : फोन सोडा आणि ईमेल करा, किंवा बँकेच्या साइटवरच्या कार्ड बंद करण्याच्या पानावरून विनंती टाका. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, बाकी फेडलेली असेल तर विनंती मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे. नाही झालं तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे आहेत. ईमेलमध्ये हे एक वाक्य घाला, सूर लगेच बदलतो.

त्याआधी दोन कामं उरका. साठलेले पॉइंट वापरून टाका, कारण कार्ड बंद झालं की ते जातात. आणि कार्डावर लावलेली मासिक वसुली, म्हणजे मोबाइल, ओटीटी, विम्याचा हप्ता, दुसरीकडे वळवा. फी भरण्याआधी एकदा फी माफीची मागणीही करून पाहा. खर्च बरा असेल तर बँक पूर्ण किंवा अर्धी फी सोडते, कधी तीन महिन्यांत ठरावीक खर्च करा म्हणते. तो खर्च तुम्ही एरवीही करणार असाल तरच हो म्हणा.

तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करा. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही, फक्त पहिल्या ईमेलची तारीख दिसेल अशी प्रत जोडा.